साडूभाऊ, मुक्काम पोस्ट यॉर्क

आमचे साडू सिंगापूरला अठरा वर्षं राहिले असं जो कुणी म्हणेल त्याला आमचे साडू कळलेच नाहीत. पासपोर्टवरचे शिक्के काहीही सांगोत, हा माणूस राहत होता इंग्लंडातल्या यॉर्क शहरात, आणि तेसुद्धा आजच्या नव्हे, पाचशे-साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या. आंग मो किओच्या आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते झोपायला यायचे, तुआसच्या एका शिपयार्डात वेल्डिंग तपासायला जायचे, आणि या दोन किरकोळ कामांतून सुटले की तडक यॉर्कच्या वेशीतून आत शिरायचे. बरं, या गृहस्थाने इंग्लंडच्या मातीला कधी पाय लावला असेल तर शपथ! मी एकदा न राहवून म्हटलं, "साडूभाऊ, एवढा जीव अडकलाय तर एकदा जाऊन या की. तिकिटं सेलमध्ये मिळतात हल्ली." त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "आता जाऊन काय करू? ओळखीचं कोण राहिलंय तिथे?" म्हणाले, आणि वरणभातावर लिंबू पिळू लागले.

हे खूळ शिरलं ते लिफ्टच्या तोंडाशी. त्यांच्या ब्लॉकमधला एक इंग्रज मास्तर नोकरी संपवून मायदेशी निघाला होता, आणि जाताना त्याने नको असलेलं सामान लिफ्टजवळ मांडून ठेवलं होतं, ज्याला हवं त्याने न्यावं म्हणून. ताईने, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, त्यातला राइस कुकर उचलला. साडूंनी उचललं एक विटेएवढं पुस्तक. यॉर्कच्या नगरसभेचं जुनं दप्तर कुणीतरी छापून काढलं होतं: कोणाची डुकरं रस्त्यात मोकाट फिरली, कुठल्या भटारखान्याचा पाव वजनात कमी भरला, असल्या गोष्टी. दुसऱ्या कुणी ते पुस्तक दाराला अडणी म्हणून लावलं असतं. यांनी ते पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. "कुकर दोन वर्षांत बिघडला," ताई आल्यागेल्याला सांगायची, "पुस्तक काही मेलं बिघडेना."

पुढे पुढे तर त्या दप्तरातली माणसं त्यांच्या इतकी घरची झाली की ते त्यांच्याविषयी शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखं बोलायचे. माझे वडील पुण्याहून आले होते तेव्हाची गोष्ट. रविवारी सकाळी साडू आमच्या क्वीन्सटाउनच्या घरी आले, पोह्यांची बशी हातात घेतली आणि चिंतेच्या सुरात म्हणाले, "खाटकांनी पुन्हा नदीत आतडी टाकली. मेयरने किती समज दिली, पण ऐकतील तर खाटिक कसले!" वडील बिचारे दचकले. सिंगापूरची स्वच्छता बघून ते आठवडाभर भारावलेले होते. "म्हणजे इथेसुद्धा?" असं म्हणत त्यांनी इंग्रजी पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पालथा घातला. त्यांना खरा प्रकार सांगितला तेव्हा ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "जावई म्हणून त्यांना कुणी पसंत केलं होतं?"

पण खरं सांगू? ते बोलायला लागले की ऐकत राहावंसं वाटायचं. त्यांच्या यॉर्कमध्ये गल्लीगणिक चर्च होतं आणि प्रत्येक चर्चची घंटा वेगळी, त्यामुळे आंधळ्या माणसालाही आपण कुठल्या गल्लीत आहोत ते कळायचं. प्रत्येक धंद्याचा एक संघ, त्या संघाचा एक संत, त्या संतापुढे त्या संघाची एक मेणबत्ती, आणि ती विझली तर सगळ्या धंद्याची अब्रू गेली. मेलेल्या माणसांच्या नावानं वर्षाच्या वर्षाला घंटा वाजायच्या, गोरगरिबांना पाव वाटले जायचे. "आपलं वर्षश्राद्ध हो, दुसरं काय!" म्हणायचे. आणि हे सगळं त्यांना आंग मो किओमध्ये दिसायचं. संध्याकाळी चालायला निघाले की वाटेतलं चर्च, मशीद, चिनी देऊळ आणि तमिळ देऊळ या चारही ठिकाणी थांबून आत कोणता उत्सव आहे याची चौकशी करून येत. हॉकर सेंटरमध्ये चिकन राइसवाल्यांच्या गाड्या शेजारीशेजारी बघून त्यांना गहिवरून येई. हे बघा, संघ! एकच धंदा, एकच गल्ली! मी म्हणायचो, "साडूभाऊ, तिथे भाडं कमी आहे म्हणून बसलेत ते." पण असली शहाणी वाक्यं त्यांच्या कानावरून घरंगळून जात.

त्या संघांमध्ये एक पद होतं, माल तपासनिसाचं. धंद्यातल्याच एका जाणत्या माणसाने दुकानादुकानांत शिरून जोडे नीट शिवलेत का, मेणात चरबी तर नाही ना, हे बघायचं. साडू शिपयार्डात नेमकं हेच करायचे, त्यामुळे त्यांना वाटायचं की देवाने हे पद आपल्यासाठीच राखून ठेवलंय, फक्त पाठवताना थोडा उशीर केला. मग काय विचारता! एका चतुर्थीला माझी बायको उकडीचे मोदक करत होती, तर हे महाशय खिशातून व्हर्नियर कॅलिपर काढून पारीची जाडी मोजायला लागले. एकवीस मोदकांपैकी चार त्यांनी बाजूला काढले. एकाची कळी तुटलेली, दोहोंची पारी एका बाजूला जाड, आणि चौथ्याच्या टोकाला 'सूक्ष्म भेग'. बायकोच्या कपाळाची शीर उडायला लागलेली मला दिसत होती. "भाऊजी," ती म्हणाली, "वेल्डिंग नाहीये ते, उकड आहे!" साडू शांतपणे म्हणाले, "जहाज बुडतं ते भेगेनेच बुडतं, आणि मोदक फुटतो तोही भेगेनेच." आणि गंमत म्हणजे ते चारही मोदक चाळणीत खरोखरच फुटले. तेव्हापासून माझी बायको त्यांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत येऊ देत नसे.

मराठी मंडळींचा आमचा एक छोटा गट होता, वीस-पंचवीस कुटुंबांचा. त्या गटाच्या कमिटीवर साडूंना घेतलं ही आमची पहिली चूक, आणि शिस्तीचं खातं त्यांना दिलं ही दुसरी. यॉर्कच्या संघांत बैठकीला उशिरा येणाऱ्याला मेणाचा दंड व्हायचा, संतापुढच्या मेणबत्तीसाठी. साडूंनी तो फुलवातींवर आणला. पाच मिनिटं उशीर झाला की पंचवीस फुलवाती, स्वतःच्या हाताने वळलेल्या. विकतच्या चालणार नाहीत, आणि बायकोने वळून दिलेल्याही नाहीत. ते बोटांवरून ओळखायचे म्हणे. मोठमोठ्या कंपन्यांतले मॅनेजर, ज्यांनी आयुष्यात कापसाला हात लावला नव्हता, ते एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसून फुलवाती वळायला लागले. मी स्वतः एका महत्त्वाच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली वळत होतो, आणि माझ्या चिनी बॉसने "यू ओके?" असं विचारल्यावर मी "स्ट्रेस मॅनेजमेंट" असं उत्तर दिलं. त्यालाही ते पटलं. पुढच्या आठवड्यात त्यानेही थोडा कापूस मागून घेतला.

आता एक गोष्ट सांगायची म्हणजे मला जरा जड जातं. यॉर्कमध्ये सगळे राहणारे सारखे नव्हते. काही 'मोकळे नागरिक' होते. त्यांची नावं शहराच्या यादीत चढलेली असत. त्यांना दुकान टाकता येई, नगरसभेत बोलता येई. बाकीचे कितीही वर्षं राहिले तरी परकेच. साडू हे सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज थोडा उतरायचा, कारण ते स्वतः इथे परके होते. नोकरीच्या पासवर आलेले आणि पासवरच राहिलेले. नोकरी आहे तोवर पास, पास आहे तोवर घर. कायम राहायचा परवाना, म्हणजे आमच्या बोलीत पीआर, त्यासाठी त्यांनी चार वेळा अर्ज केला आणि चारही वेळा नम्र नकार आला. कारण कुणी सांगत नाही, पण ताईचं मत असं की घोटाळा पुरवणीत होता. समाजासाठी काय केलंत असं काहीतरी एका रकान्यात विचारलेलं होतं, आणि दुसरा कुणी तिथे 'रक्तदान' लिहून मोकळा झाला असता. यांनी बेचाळीस पानांची पुरवणी जोडली: आंग मो किओच्या ब्लॉकांची यॉर्कच्या धर्तीवर वाटणी, कॉफीवाल्यांच्या संघाची घटना, आणि परिशिष्टात फुलवातींचं वेळापत्रक. "अहो, ते वाचून कुणीही घाबरेल," ताई म्हणायची. साडू म्हणायचे, "वाचलं असतं तर घाबरले असते. वाचलंच नसणार." आणि पुढच्या खेपेला ते आणखी सहा पानं वाढवायचे.

आमचा अर्ज मात्र त्यांनीच तपासून दिला होता. लाल पेन घेऊन दोन रविवार बसले. "हे काढ. हे लांबलंय. मुद्द्याचं लिही, सरकारी माणसाला वेळ नसतो," असं मला, बेचाळीस पानांचा हा धनी! आठ महिन्यांनी आम्हाला पीआर मिळालं, पहिल्या फटक्यात. आणि आम्ही दोघं नवराबायको ते पत्र कपाटात ठेवून चोरासारखे गप्प बसलो. काय तोंडाने सांगणार? तीन आठवडे आम्ही त्यांचे फोन टाळले. शेवटी आमच्या दहा वर्षांच्या लेकीनेच घोटाळा केला. दारातच त्यांच्या गळ्यात पडून इथल्या इंग्रजीत ओरडली, "काका, वी गॉट पीआर लाह!" मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. साडूंनी तिला खाली उतरवलं. मग बूट काढून आत आले, मला दिवाणखान्याच्या मधोमध उभं केलं, उजवा हात वर करायला लावला आणि माझ्याकडून शपथ वदवून घेतली की मी या शहराची शांतता राखीन, वजनात लबाडी करणार नाही आणि माझी डुकरं रस्त्यात सोडणार नाही. "आता तू मोकळा नागरिक," म्हणाले, आणि माझा हात इतका जोरात दाबला की अंगठी रुतली. सगळे हसले, मीही हसलो. नंतर त्यांना खाली सोडायला गेलो तेव्हा लिफ्टमध्ये आम्ही दोघंही मजल्यांचे आकडे बघत उभे होतो.

त्याच वर्षी त्यांनी नाटकाचा घाट घातला. यॉर्कमध्ये म्हणे उन्हाळ्यातल्या एका सणाला सगळे धंदेवाले मिळून देवाची सगळी कथा रस्त्यावर करायचे, चाकांच्या गाड्यांवर. पहाटेपासून एकामागून एक गाडी निघायची आणि ठरलेल्या चौकाचौकांत थांबून आपापला प्रवेश करायची. आणि प्रवेश वाटून दिले जायचे ते धंद्याप्रमाणे: नोहाचं तारू बांधायचं काम जहाज बांधणाऱ्यांकडे, शेवटच्या जेवणाचा प्रवेश भटारखानेवाल्यांकडे. "आणि क्रुसावर चढवायचा प्रवेश कोणाकडे, माहितेय? खिळे करणाऱ्यांकडे!" हे सांगताना साडूंच्या अंगावर काटा यायचा. "खिळे ठोकताना बिचाऱ्यांना काय वाटत असेल हो? पण त्यांचंच काम ना ते. दुसऱ्याने केलं असतं तर वाकडे ठोकले असते." तेव्हा आपणही गणपतीत संगीतखुर्ची आणि सुगम संगीत बंद करून गणपतीची कथा अशीच करायची, ब्लॉकाब्लॉकाखाली, ट्रॉल्यांवर, असं त्यांनी जाहीर केलं.

आणि मग जी वाटणी केली म्हणता! हत्तीचं शिर धडाला जोडायचा प्रवेश शिपयार्डवाल्यांकडे. "सांधा आहे तो. बँकवाल्यांच्या हाती देऊ?" चंद्र गणपतीला हसतो तो प्रवेश आंग मो किओच्या इलेक्ट्रॉनिक चिप बनवणाऱ्यांकडे, कारण चंद्राला दिवे लागणार. कुबेराच्या जेवणाचा प्रवेश बँकवाल्यांकडे. त्यांनी कुरकुर केली की आमची फजिती होते. पृथ्वीप्रदक्षिणा लॉजिस्टिक्सवाल्यांकडे, त्यांची कुरकुर त्याहून मोठी. जग फिरून येणारा हरतो आणि घरी बसलेला जिंकतो, हे आमच्या धंद्याला घातक आहे म्हणाले. आणि व्यास सांगताहेत, गणपती लिहितोय, हा प्रवेश आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांकडे. "क्लायंट बोलायचा थांबत नाही आणि लिहिणाऱ्याला उठायची सोय नाही. तुम्हाला अभिनय करायलाच नको," साडू म्हणाले. अशा पाच गाड्या. यॉर्कप्रमाणे सगळ्यांवर एक मेयरही हवा होता. ते पद कुणालाच नको होतं, म्हणून ते आमच्या डॉक्टरताईंकडे गेलं. त्या नागपूरच्या, एका लॅबमध्ये संशोधन करायच्या. "मी बौद्ध आहे, आरतीला उभी राहणार नाही," त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं. साडू म्हणाले, "आरतीला नकोच. भांडणं सोडवायला हव्यात." "ते जमेल," डॉक्टरताई म्हणाल्या, आणि पहिल्याच बैठकीत त्यांनी दोन्ही कुरकुरवाल्यांना अशा नजरेने गप्प केलं की साडू धन्य झाले.

तीन महिने आम्हा सगळ्यांच्या नाकी नऊ आले. ट्रॉलीच्या प्रत्येक चाकाला तेल, प्रत्येक पुठ्ठ्याची तपासणी, प्रत्येक खिळ्याला खडूची खूण. ब्लॉकांखालच्या मोकळ्या जागेला इथे व्हॉइड डेक म्हणतात; तिथे कार्यक्रम करायची परवानगी काढायला साडू स्वतः कचेरीत गेले आणि तिथल्या बाईंना खिळेवाल्यांची गोष्ट सांगून आले. परवानगी मिळाली, गणपतीतल्या रविवारची. आम्ही पाठीमागे त्यांना शिव्या घालायचो, तोंडावर फुलवाती द्यायचो. आणि तेवढ्यात तेलाचे भाव पडले.

म्हणजे ते आधीच पडायला लागले होते, पण आमच्यापैकी कुणाला त्याचा अर्थ कळला नव्हता. तेल स्वस्त झालं म्हणजे समुद्रात तेल काढायची यंत्रं कोण बांधणार? तुआसच्या यार्डांतली कामं आटत गेली. ऑगस्टच्या सुरुवातीच्या बैठकीत साडूंनी नेहमीप्रमाणे विषयपत्रिका वाचायला घेतली. "विषय क्रमांक पाच, चंद्राची वायर उघडी आहे, ती झाकणे. विषय क्रमांक सहा, माझी नोकरी गेली. विषय क्रमांक सात, सोंडेचा रंग." आणि ते सोंडेच्या रंगावर बोलायलाच लागले. करडा की तांबूस, असं.  शेवटी डॉक्टरताईंनीच विचारलं, "पास कधीपर्यंत आहे?" साडूंनी कागद खाली ठेवले. पास रद्द झाला की महिनाभर राहता येतं. तो महिना गणपतीच्या चार दिवस आधी संपत होता. दुसरीकडे नोकरी शोधताय का, असं कुणीतरी विचारलं. त्रेपन्नाव्या वर्षी, असल्या मंदीत? त्यांनी नुसती मान हलवली. "पण नाटक थांबता कामा नये," म्हणाले. "मेयर आहेत, गाड्या आहेत. मी काय, नुसता तपासनीस." आणि मग घाईघाईने, "करडाच बरा. तांबूस लांबून डुकरासारखा दिसेल."

त्या आठवड्यात आमच्या घरी त्यांना न सांगता बैठक भरली. सगळे वेळेवर आले, हेच आक्रीत! नाटक आधीच्या रविवारी घ्यायचं, त्यांच्या ब्लॉकखाली, यावर दोन मिनिटांत एकमत झालं. एकानेच शंका काढली, "चतुर्थीच्या आधी? गणपती बसायच्या आधी गणपतीचं नाटक?" त्यावर त्याची पंच्याऐंशी वर्षांची आई, जी तोवर कोपऱ्यात डोळे मिटून बसली होती, म्हणाली, "अरे, बाप्पाला कॅलेंडर कशाला लागतंय? आपल्याला लागतं." विषय संपला. डॉक्टरताई रजा टाकून परवानगीची तारीख बदलायला गेल्या. तिथल्या बाईंना खिळेवाल्यांची गोष्ट लक्षात होती म्हणे. त्यांनी विचारलं, तो अंकल कुठे आहे? डॉक्टरताईंनी खरं ते सांगितलं, आणि काम झालं.

साडूंना आम्ही शनिवारी सांगितलं. ते घरात खोक्यांच्या डोंगरात बसले होते, हातात चिकटपट्टी. ऐकल्यावर ते चिकटपट्टीचं टोक नखाने शोधत राहिले. ताईच म्हणाली, "उद्या तुम्ही फक्त बघायचं. तपासायचं नाही, उठायचं नाही, कुणाला बोलायचं नाही." ते म्हणाले, "बघायचंच?" इतक्या वर्षांत त्यांनी एकही कार्यक्रम बसून बघितला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

रविवारी संध्याकाळी पाचला आम्ही गाड्या घेऊन शेजारच्या ब्लॉकपासून निघालो. खालच्या कॉफीच्या दुकानाचा म्हातारा मालक, ज्याला साडू रोज सकाळी भेटायचे, त्याने आपणहून प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. ब्लॉकमधली झाडून सगळी माणसं खाली उतरली होती. खुर्च्या भरल्या तरी पहिली रांग मात्र रिकामीच. साडू तिथे बसायला गेले तर म्हाताऱ्याने त्यांना हाताला धरून मागे आणलं. "नो, नो, अंकल. सेव्हन्थ मंथ. फ्रंट रो नॉट फॉर अस. फॉर देम." चिनी सातवा महिना चालू होता, त्या महिन्यात पितर घरी येतात आणि रस्त्यावरच्या खेळांना पहिली रांग त्यांच्यासाठी मोकळी सोडतात. साडूंनी त्या रिकाम्या रांगेकडे पाहिलं. मी त्यांच्या मागेच होतो. "म्हणजे आले सगळे," ते हळूच म्हणाले. मग मला एकेक खुर्ची दाखवायला लागले, "हा मेयर. हा भटारखानेवाला, वजनात मारणारा. तो कडेचा खिळेवाला." मला हसू आवरेना. मी म्हटलं, "साडूभाऊ, खाटकांना मागे बसवा." तर म्हणाले, "असू दे रे. लांबून आलेत."

नाटक कसं झालं म्हणून विचाराल तर त्याला तोड नाही. चंद्र हसायच्या आधीच विझला. कुबेराच्या बँकवाल्यांनी जेवणाची ताटं इतकी भरली की ट्रॉली एका बाजूला कलली. आणि हत्तीचं शिर येत असताना ते छप्पर असलेल्या पायवाटेच्या तोंडाशी अडकलं. सगळी मापं साडूंनी स्वतः घेतली होती, पण शिरावर छत्री बसवायचं कुणाच्या तरी डोक्यात आदल्या दिवशी आलं होतं. शिपयार्डचे सहा जण सोंड धरून ओढताहेत, शंकर घामाघूम, धड पुढे येऊन पडलेलं! साडू ताडकन उठले. "बसा!" डॉक्टरताई ओरडल्या. "मेयरचा हुकूम आहे." ते बसले, पण खुर्चीतूनच त्यांचा आवाज अख्ख्या ब्लॉकने ऐकला, "छत्री काढा! सोंड नव्हे, छत्री! तिला एकच बोल्ट आहे!" छत्री निघाली, शिर आलं, आणि शिपयार्डवाल्यांनी ते धडावर ठेवून चारही बाजूंनी हात फिरवला, अगदी यार्डात फिरवतात तसा. सांधा बसला. त्यातल्या थोरल्या कामगाराने मागे वळून साडूंकडे पाहिलं. साडूंनी अंगठा वर केला. ते सहाही जण त्याच यार्डातले होते. पुढच्या महिन्यात त्यांच्यातल्या चौघांना जायचं होतं. मी पाचव्या गाडीवर लॅपटॉप घेऊन गणपती झालो होतो, आणि मला पडद्यावरची अक्षरं दिसेनाशी झाली.

सगळं आटोपल्यावर आरती झाली, खिरापत वाटली, ताई शेजारणींच्या गळ्यात पडून रडून घेऊन वर खोकी बांधायला गेली. आम्ही खुर्च्यांवर खुर्च्या रचत होतो. कॉफीवाला म्हातारा दोन कप कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन आला. एक साडूंना दिला, दुसरा स्वतः घेऊन शेजारी बसला.  मग त्याने विचारलं, "व्हेरी गुड, अंकल. नेक्स्ट इयर व्हॉट स्टोरी?"

माझे हात खुर्चीवरच थांबले. मंगळवारी सकाळी त्यांचं विमान होतं. साडूंनी कपात बघितलं, एक घोट घेतला, आणि म्हणाले, "नेक्स्ट इयर समुद्रमंथन. बिग स्टोरी. गॉड्स पुल वन साइड, डेमन्स पुल अदर साइड. लाँग रोप नीडेड. फ्रॉम धिस पिलर टू दॅट पिलर."

"वाह," म्हातारा म्हणाला. "माय ब्लॉक पीपल कॅन पुल?"

"मस्ट पुल," साडू म्हणाले. "विदाउट युअर ब्लॉक, कॅनॉट."

"वी विच साइड? गुड गाय ऑर बॅड गाय?"

"यू चूज."

म्हाताऱ्याने त्यावर खूप विचार केला. मग कप खाली ठेवून तो उठला, खांबापासून खांबापर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं, आणि आपल्या दुकानाकडे जाता जाता भेटेल त्याला विचारत गेला की पुढच्या वर्षी दोर ओढायला येशील का.